किटली, चहादाणी आणि पातेलें

नवा संसार मांडतांना तवा, पोळपाट, लाटणें यांविषयीं कोणास फारसा विचार करावा लागत नाहीं. पिढ्यान् पिढ्यांच्या वापरानें त्यांचे आकार ठरून गेलेले आहेत. चहाच्या भांड्याची गोष्ट तशी नाहीं. दुकानांत चिनी मातीची नक्षीदार चहादाणी, झगझगीत स्टीलची किटली, विजेवर चालणारी किटली आणि साधें पातेलें हीं शेजारींशेजारीं मांडलेलीं असतात, आणि पहिलें भांडें कोणतें घ्यावें याचा उलगडा चटकन् होत नाहीं. भाषाही या कामीं मदत करीत नाहीं. इंग्रजांच्या घरीं ‘केटल’ ही केवळ पाणी उकळण्यासाठीं असते आणि ‘टीपॉट’मध्यें चहा मुरतो. यांपैकीं पहिला शब्द ‘किटली’ होऊन मराठींत आला. पण कचेरीकचेरींतून चहा पोंचविणाऱ्या पोऱ्याच्या हातांत जी किटली दिसते, तिच्यांत पाणीही उकळत नाहीं आणि चहाही मुरत नाहीं. तयार चहा तिच्यांतून केवळ प्रवास करतो. एका नांवाखालीं तीन कामें अशीं एकत्र झालीं आहेत. तीं निराळीं करून पाहावयाचीं तर चहाच्या भांड्यांचा इतिहास चाळला पाहिजे.

या इतिहासांतील पहिली आश्चर्याची गोष्ट ही कीं, चहा पिण्यास आरंभ झाल्यावर कित्येक शतकें चहादाणी अस्तित्वांतच नव्हती. आठव्या शतकांत, तांग राजवटींत, लू यू नांवाच्या चिनी पंडितानें चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चहाच्या साहित्याची जी लांबलचक यादी त्यांत आहे, तींत शेगडी आहे, चिमटा आहे, पाणी गाळण्याचें साधन आहे. चहादाणी मात्र नाहीं. कारण त्या काळीं पुष्कळसा चहा सुट्या पानांचा नसे. पानें वाफवून व कुटून त्यांच्या वड्या करीत. वडी विस्तवावर भाजून तिची पूड करीत, आणि ती पूड उकळत्या पाण्यांत किंचित् मीठ घालून शिजवीत. पुढें सुंग राजवटींत बारीक पूड वाडग्यांत घालून वर गरम पाणी ओतीत आणि बांबूच्या घुसळणीनें फेंस येईपर्यंत ती घुसळीत. जपानांतील चहाच्या विधींत ही रीत आजही जिवंत आहे. शिजविण्यास कढई आणि घुसळण्यास वाडगा असला कीं काम भागे. पानें मुरविण्याच्या निराळ्या भांड्याची गरज कोणास भासली नाहीं.

ती गरज निर्माण केली एका राजाज्ञेनें. मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू हा गरीब शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेला बादशहा होता. दरबारास खंडणी म्हणून ज्या चहाच्या वड्या द्याव्या लागत, त्या तयार करण्यांत रयतेचे फार श्रम जात. सन १३९१ मध्यें त्यानें त्या वड्या बंद करविल्या आणि सुटीं पानेंच पाठविण्याचा हुकूम काढला. दरबाराची रीत हळूहळू देशाची रीत झाली. सुटें पान घुसळतां येत नाहीं. तें गरम पाण्यांत कांहीं वेळ झांकून ठेवावें लागतें, आणि मग पानें मागें ठेवून अर्क तेवढा ओतून घ्यावा लागतो. या एका कामासाठीं झांकण, मूठ आणि तोटी असलेलें लहान भांडें पुढें आलें. तीच चहादाणी.

या भांड्याचें माहेर म्हणून चीनमधील यीशिंग हें गांव प्रसिद्ध आहे. तेथील जांभळट-तांबूस मातीच्या चहादाण्या सोळाव्या शतकापासून नांवाजल्या. त्यांना झिलई नसते. माती किंचित् सच्छिद्र असल्यामुळें चहाचा वास तींत मुरतो. म्हणून जाणकार लोक एका चहादाणींत एकाच जातीचा चहा करतात. आकारानेंही त्या लहान, कित्येकदां एकदोन माणसांपुरत्याच. त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी घालावयाचें, ही तेथील पद्धत असल्यामुळें मोठें भांडें तेथें निरुपयोगी ठरतें.

सतराव्या शतकांत डच व्यापाऱ्यांनीं चहा युरोपांत नेला, आणि त्याच गलबतांतून चिनी भांडींही गेलीं. चिनी मातीस पाण्यानें अपाय होत नाहीं आणि तिचें वजनही भरपूर. म्हणून तिच्या पेट्या गलबताच्या तळाशीं रचीत आणि चहा वरच्या कोरड्या जागीं ठेवीत. सन १६६० मध्यें लंडनच्या सॅम्युअल पीप्सनें आपण प्रथमच चहा मागविल्याची नोंद आपल्या रोजनिशींत केली. सन १६६२ मध्यें पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडची राणी झाली. तिच्या विवाहाच्या करारानें मुंबई बेट इंग्रजांकडे आलें, हें मराठी वाचकांस ठाऊक आहे. तिच्या चहाच्या आवडीनें इंग्लंडच्या दरबारांत चहाची प्रतिष्ठा वाढली, ही त्याच विवाहाची दुसरी बाजू. तरीही इंग्रजांच्या मनांत चहादाणीचा आकार अद्याप निश्चित झालेला नव्हता. सन १६७० मध्यें ईस्ट इंडिया कंपनीस भेट मिळालेली चांदीची चहादाणी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. ती उंच व निमुळती, हुबेहूब कॉफीच्या भांड्यासारखी दिसते. तिच्यावर कोरलेला लेख नसता, तर ती चहाची आहे असें कोणास सांगतां आलें नसतें.

पुढें युरोपांतील कुंभारांनीं चिनी भांड्यांची बरोबरी करण्याचा ध्यास घेतला. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजानें सोनें करून दाखविण्याची बढाई मारणाऱ्या ब्यॉटगर नांवाच्या तरुणास कैदेंत ठेवलें होतें. त्याच्या हातून सोनें झालें नाहीं. पण आधीं यीशिंगसारखीं तांबडीं भांडीं आणि मग खरी शुभ्र चिनी माती साधली, आणि सन १७१० मध्यें माइसेन येथें कारखाना उघडला. इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगणा या धंद्याचें केंद्र बनला. जोसाया वेजवुडनें फिकट पिवळसर मातीचीं, उकळतें पाणी सोसणारीं भांडीं काढलीं. सन १७६५ मध्यें राणी शार्लटनें त्याच्याकडून चहाचा संच मागविला, आणि तीं भांडीं ‘क्वीन्स वेअर’ म्हणून ओळखलीं जाऊं लागलीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पोड यांच्या कारखान्यांत ‘बोन चायना’ पूर्णत्वास गेली. या मातींत जनावरांच्या हाडांची राख सुमारें निम्मी असते. ज्या घरांत सोंवळ्याओंवळ्याचा किंवा शाकाहाराचा विचार पाळला जातो, तेथें या नांवाचा अर्थ ठाऊक असणें बरें.

या शुभ्रतेची किंमत कोणी दिली, हेंही सांगितलें पाहिजे. माती पांढरी व कणखर करण्यासाठीं गारगोट्या भाजून त्यांचें पीठ तींत मिसळीत. तें कोरडें कुटतांना उडणारी धूळ मजुरांच्या छातींत बसे आणि पुष्कळांचा अंत करी. सन १७२६ मध्यें टॉमस बेन्सन यानें गारगोट्या पाण्याखालीं दळण्याचें पेटंट घेतलें, तें याच कारणास्तव. झिलईंतील शिशाचें विष तर पुढेंही दीर्घकाळ कामगारांस बाधत राहिलें. दिवाणखान्यांतील नाजूक पेल्यामागें कुंभारवाड्यांतला खोकला होता.

भांड्याचा आकार लहानमोठा होण्यासही कारण होतें. चहावर जबर कर असल्यामुळें आरंभीं तो कुलपांत ठेवीत आणि चहादाण्याही चिमुकल्या असत. सन १७८४ मध्यें पिटच्या सरकारानें हा कर शेंकडा ११९ वरून शेंकडा १२॥ वर आणला. चहा सामान्य माणसाच्या आवांक्यांत आला, आणि भरघोस पोटाच्या कुटुंबवत्सल चहादाण्यांचे दिवस आले.

हिंदुस्थानांत मात्र कथा निराळ्या वाटेनें गेली. जें सुरत शहर शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांमुळें मराठी मनास परिचित आहे, तेथें सन १६८९ च्या सुमारास जॉन ओव्हिंग्टन नांवाचा इंग्रज पाद्री आला होता. तेथील लोक चहा पितात, त्यांत गरम मसाल्याचे पदार्थ घालून तो पाण्यांत उकळतात आणि डोकेदुखी व पोटांतील कळ यांवर तो गुणकारी मानतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. अर्थात् तो चहा चीनचा होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावांत प्रथम विकला गेला तो सन १८३९ मध्यें. या देशांत चहा खपावा म्हणून सन १९०३ मध्यें कायद्यानें चहावर उपकर बसविण्यांत आला आणि त्या पैशांतून पुढें मोठी प्रचारमोहीम चालली. फलकांवरून आणि प्रात्यक्षिकांतून शिकवण दिली जाई ती इंग्रजी पद्धतीची: चहादाणी आधीं गरम करा, माणशी एक चमचा व एक वर घाला, ताजें उकळलेलें पाणी ओता, झांकून थांबा. पातेल्यांत दूधसाखरेसह चहा उकळणें हें अडाणीपणाचें लक्षण ठरलें. सुशिक्षित घरांतून पाहुण्यांपुढें चहादाणी येऊं लागली आणि पातेलें माजघराआड राहिलें.

पण पानानें पुन्हा एकदां भांड्याचा निकाल फिरविला. सन १९३० च्या सुमारास आसामांतील एका मळ्याचे व्यवस्थापक विल्यम मॅकरचर यांनीं पान चिरडणारें, फाडणारें आणि वळवून गोळी करणारें यंत्र काढलें. हाच ‘सी. टी. सी.’ चहा. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत त्याचा झपाट्यानें प्रसार झाला, आणि आज देशांत होणाऱ्या चहाचा फार मोठा भाग याच जातीचा आहे. याची बारीक गोळी झटकन् रंग सोडते, थोडक्या मापांत पुष्कळ पेले देते आणि दुधांत उकळली तरी तिची चव दबत नाहीं. चहादाणींत ती पांच मिनिटें ठेवली तर कडवट होते; पातेल्यांत दूध, साखर व आलें यांच्या संगतींत ती खुलते. म्हणजे आज घरोघर चुलीवर चढणारें पातेलें ही इंग्रजी रीतीची बिघडलेली नक्कल नव्हे. लू यूच्या कढईशीं आणि सुरतेच्या मसाल्याच्या काढ्याशीं त्याचें नातें अधिक जवळचें आहे. त्याबद्दल कोणास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

यावरून पहिलें भांडें निवडण्याची कसोटी आपोआप हातीं येते. आधीं डब्यांतला चहा पाहावा. तो गोळीचा असेल व दुधांत उकळावयाचा असेल, तर जाड बुडाचें, ओतण्यास चोंच असलेलें स्टीलचें पातेलें आणि एक चांगली गाळणी एवढें पुरे. पितळेचें पातेलें असल्यास त्याची कल्हई शाबूत असली पाहिजे. लोखंडाचा उघडा पृष्ठभाग चहास चालत नाहीं, कारण चहांतील तुरट द्रव्याचा लोखंडाशीं संयोग होऊन काळा रंग उत्पन्न होतो. जुनी शाई याच तत्त्वावर करीत. जपानी धाटणीची बिडाची चहादाणी आंतून मुलामा दिलेली असते ती याचसाठीं, आणि तशी चहादाणी चुलीवर ठेवूं नये.

घरांत दार्जिलिंगचा किंवा निलगिरीचा पानाचा चहा येत असेल, तर मात्र चहादाणी घ्यावी आणि पाणी उकळण्यास निराळी किटली ठेवावी. पाण्यास उकळी आली कीं आपोआप बंद होणारी विजेची किटली इंग्लंडमधील रसेल हॉब्ज कंपनीनें सन १९५५ मध्यें बाजारांत आणल्यापासून हें काम फारच सोपें झालें आहे. चहादाणी घेतांना नक्षी मागाहून पाहावी. आधीं दुकानदाराकडून पाणी भरून घ्यावें. तोटीचें टोंक भांड्याच्या कांठापेक्षां खालीं असेल, तर भांडें पुरतें भरण्यापूर्वींच पाणी तोटींतून वाहूं लागतें. झांकणास बारीक भोंक नसेल, तर आंत हवा न शिरल्यामुळें धार अडखळते. पोट गोल असेल, तर पानांस फिरण्यास व फुलण्यास जागा मिळते. आकार माणसांच्या मोजणीनें ठरवावा. दोघांच्या घरीं सहा पेल्यांची चहादाणी आणली, तर चहा निवतो आणि पानेंही वायां जातात.

आणि ज्या घरांत सकाळचा चहा दुधाचा व दुपारचा कोऱ्या पानाचा, तेथें दोन्ही भांडीं असावींत. पातेलें आधीं घ्यावें, कारण तें दररोज लागणार. चहादाणी सवडीनें, पारखून घ्यावी. तोंपर्यंत पानाचा चहा झांकण असलेल्या साध्या लोट्यांत मुरवून गाळून घेतला, तरी त्याच्या स्वादांत कांहीं उणें येत नाहीं.