वही, अंगठा आणि खाते

खानदेशातल्या जुन्या कर्जरोख्यांवर शेतकऱ्याची सही क्वचित आढळते. सहीच्या जागी नांगराचे चित्र असते आणि शेजारी लिहिणाऱ्याची नोंद असते: ‘निशाणी नांगर, दस्तुर अमुक’. पुढे नांगर गेला आणि डाव्या हाताचा अंगठा आला, पण दस्तुर दुसऱ्याचाच राहिला. ज्याच्या डोक्यावर देणे, त्याला तो कागद वाचता येत नसे. ज्याला वाचता येई, त्याच्याच घरी तो राही. पैशाच्या व्यवहारातली गुप्तता आणि मोकळीक यांचा या भागातला इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो: खाते लिहितो कोण आणि वाचतो कोण.

खानदेशातले फैजपूर हे यावल तालुक्यातले, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. एकोणिसाव्या शतकात ते रंगारी, छापील कापड आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या लाकडाच्या बाजारासाठी ओळखले जाई. नंतर कापसाने आणि अखेर केळीने गावाचे अर्थकारण व्यापले. माल कोणताही असो, पेरणीला पैसा सावकाराचा आणि विक्रीला दुकान आडत्याचे, ही घडी पुष्कळ काळ तशीच राहिली. अनेकदा सावकार आणि आडत्या एकच माणूस असे.

सावकाराची वही लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत चढे, तिथून खतावणीत माणसागणिक खाते पडे: एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. मराठी पेढीची वही मोडीत असे. हात न उचलता लिहिलेल्या मोडीत प्रत्येक कारकुनाची वळणे आणि संक्षेप वेगळे, त्यामुळे शाळेत मोडी शिकलेल्यालाही दुसऱ्याची खतावणी सहज लागत नसे. मारवाडी पेढ्यांची महाजनी लिपी तर काना-मात्रेशिवाय चाले. ‘अजमेर गये’ हे ‘आज मर गये’ असे वाचले गेल्याचा विनोद त्याच लिपीवरचा. दिवाळीला पूजा होणारी वही परक्याच्या हाती पडू दिली जात नसे आणि पडली तरी तिचा अर्थ लागणे अवघडच. कुलपाचे काम लिपी करी.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम होती. हुंडीकडे पाहिले की ते कळते. रोख रक्कम बैलगाडीवर लादून घाट ओलांडण्यापेक्षा कागद पाठवणे सोपे. दर्शनी हुंडी दाखवताच पटवायची, मुदती हुंडी ठरल्या मुदतीनंतर. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शाह’लाच मिळत, त्यामुळे चोरलेला कागद चोराच्या कामाचा नसे. रकमेत कुणी खाडाखोड करू नये म्हणून ती आकड्यात आणि अक्षरात लिहीत, शिवाय निम्मी रक्कम लिहून ‘तिचे दुप्पट’ असेही नोंदवीत. मूळ हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ काढली जाई. सरकारी नोंद नाही, शिक्का नाही, तरी हे कागद शेकडो कोस चालत. इंग्रजी अमलात १८८१ चा पराक्राम्य दस्तऐवज कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतल्या अशा कागदांबाबतचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवले गेले. आजच्या भाषेत आर्थिक गोपनीयता आणि आर्थिक स्वातंत्र्य म्हणतात ते पेढीवाल्यांकडे होते, आणि भरपूर होते.

त्याच गुप्ततेचे दुसरे टोक बाजारात दिसे. ‘हत्ता’ पद्धतीत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली एकमेकांचा हात धरीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. किती बोटे, कोणते पेर, यावर रुपये आणि आणे कळत. गाडी घेऊन आलेला शेतकरी दोन हातांच्या अंतरावर उभा असे. आपल्याच मालाचा भाव त्याला सौदा झाल्यावर सांगितला जाई, आणि रुमालाखाली ठरलेला व सांगितलेला भाव एकच आहे की नाही हे ताडून पाहायला त्याच्याकडे काही नसे. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा झाला आणि त्याखालच्या आरंभीच्या नियंत्रित बाजारांत धुळ्याचा बाजार होता. १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा यांनी उघड लिलाव हाच नियम केला. रुमाल काढून घेणे ही शेतकऱ्याच्या बाजूची सुधारणा होती, हे गोपनीयतेची बाजू मांडताना सहसा विसरले जाते.

सावकाराची वही शेतकऱ्याला बंद होती, तर सरकारची वही शेतकऱ्याला उघडी पाडणारी होती. १८१८ नंतर खानदेश कंपनीच्या ताब्यात आला आणि काही दशकांत शेतन् शेत मोजून प्रतवारीप्रमाणे सारा ठरवण्याची मोजणी इथे पोहोचली. १८५२ साली सावदा, रावेर, चोपडा या भागात तिच्याविरुद्ध उठाव झाला. मोजणी अधिकाऱ्यांच्या तंबूंभोवती जमाव जमले, कामकाज बंद करण्याची मागणी झाली. सरकारने फौज आणली, फैजपूर आणि सावद्यातल्या पुढाऱ्यांना पकडले आणि मोजणी पुढे रेटली. लोकांना भीती होती ती सारा वाढण्याची. खासगीपणा हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण जमिनीचा कस कागदावर चढला की तो आपल्या सांगण्यावर राहत नाही, एवढे त्यांना नक्की उमगले होते. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने जमिनीचा मालक, कूळ आणि बोजा यांची नोंद सुरू झाली. आजच्या सातबाऱ्यात ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज दिसते, त्याचे मूळ तिथे आहे.

सावकाराची वही उघडण्याचे प्रयत्न वेगळ्या वाटेने झाले. १८७५ च्या दंग्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी माणसांपेक्षा कागदांवर राग काढला: खतपत्रे आणि रोखे हिसकावून जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. ऋणकोला पावती, वार्षिक हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क त्यात होता. स्वतःचे खाते वाचायला मिळणे हा मुंबई इलाख्यातला माहितीचा एक आरंभीचा कायदेशीर हक्क म्हणता येईल. वाचता येणाऱ्यांची संख्या मात्र तोकडीच होती, म्हणून कायद्याचा फायदा बराचसा कागदावर राहिला.

फैजपूरचे नाव या इतिहासात ठळकपणे येते ते १९३६ च्या डिसेंबरात. २७ आणि २८ तारखेला इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती आणि आयोजनात धनाजी नाना चौधरी पुढे होते. अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. सारा आणि खंड कमी करणे, वेठ बंद करणे यांच्या बरोबरीने त्यात ग्रामीण कर्जाचा प्रश्न होता: खास न्यायमंडळांनी कर्जांची चौकशी करावी, अन्याय्य किंवा फेडण्यापलीकडची कर्जे रद्द करावीत, तोवर वसुली थांबवावी आणि स्वस्त पतपुरवठा द्यावा. चौकशी करायची तर सावकाराची वही समोर ठेवावी लागणार, हे ओघाने आलेच. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर १९३९ साली शेतकरी ऋणको साहाय्य कायदा झाला. कर्जतडजोड मंडळांपुढे देणेकरी आणि घेणेकरी दोघांनाही हिशेब मांडणे भाग पडले. १९४६ च्या सावकारी कायद्याने परवाना, ठरावीक नमुन्यातली वही आणि ऋणकोला वार्षिक उतारा हे बंधन सगळ्या सावकारांवर घातले. महाराष्ट्रात त्याची जागा २०१४ च्या कायद्याने घेतली.

स्वस्त पतपुरवठ्याची मागणी सहकाराने उचलली. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, जिल्हा बँक आणि पतसंस्था उभ्या राहिल्या. इथे खात्याविषयी एक नेमका नियम आला, जो आजही वाचण्यासारखा आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते पाहता येतात, आणि संस्थेच्या पुस्तकांतला स्वतःच्या व्यवहाराचा भागही पाहता येतो. संस्थेचा कारभार सगळ्यांना उघडा, खाते ज्याचे त्याला. व्यवहारात उलटे घडलेही. जळगाव जिल्ह्यात काही पतसंस्था बुडाल्या तेव्हा ठेवीदाराला स्वतःच्या ठेवीची पावती तोंडपाठ होती, पण संस्थेने पैसा कुणाला वाटला हे कळायला पोलीस तक्रारीपर्यंत जावे लागले.

बँकेने ग्राहकाची माहिती राखावी हा दंडक इंग्लंडमधल्या १९२४ च्या टूर्निए खटल्यातून भारतात रुळला. २००४ साली कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनेचा आधार दिला: कागद बँकेच्या कपाटात गेले म्हणून त्यांवरचा माणसाचा खासगी हक्क संपत नाही, कारण हा हक्क जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. पण माहिती सुरक्षित असली तरी पैसा हाताशी असतोच असे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. ज्या शेतकऱ्याचे एकुलते एक खाते जिल्हा बँकेत, त्याला खाते असूनही नोटा भरण्यासाठी दुसरी बँक शोधावी लागली.

त्याआधी सहा वर्षे अंगठ्याने नवे रूप घेतले होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. जुन्या पश्चिम खानदेशातले हे गाव. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला हजर होते. ज्या प्रदेशात अंगठा हे अक्षरशत्रूचे चिन्ह होते, तिथेच तो दहा बोटे आणि डोळ्यांच्या बुबुळांसह ओळखीचा सर्वात पक्का पुरावा ठरला. नव्या अंगठ्याला दस्तुर लागत नाही. तो थेट यंत्र वाचते, आणि यंत्राने नाकारला तर शेजारी उभा राहून ‘हाच तो’ असे सांगणारा साक्षीदार मात्र पुरेसा ठरत नाही. शेतात राबून झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही, ही रेशन दुकानातली तक्रार पुढे नेहमीची झाली.

आधारविरुद्धच्या खटल्यांतूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक मतांनी आधार टिकवले, पण बँक खाते आणि मोबाइल क्रमांक त्याला जोडण्याची सक्ती रद्द केली. अनुदान आणि पॅनसाठीची जोडणी राहिली. शेतकऱ्याला त्याचा फारसा फरक पडला नाही, कारण सरकारी मदत त्याच्याकडे अनुदानाच्या वाटेनेच येते.

याचा दाखला कर्जमाफीत मिळतो. २०१७ च्या योजनेत अर्ज ऑनलाइन भरावे लागले आणि सेवा केंद्रांवर अंगठा देण्यासाठी रांगा लागल्या. २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्ज नव्हता, पण कर्जखात्यांच्या याद्या बँकेत आणि गावच्या चावडीवर लावायच्या होत्या. पूर्वी जप्तीची दवंडी पिटली की गावाला कुणाचे काय थकले ते कळे. आता माफीच्या यादीतून कळू लागले. सातबाराही तसाच. तलाठ्याकडे हेलपाटे घालून मिळणारा उतारा आता मोबाइलवर कोणालाही, कोणाच्याही गटाचा, पाहता येतो. त्यासोबत त्या गटावरचा बोजाही. तलाठ्याच्या दारातली अडवणूक गेली हा फायदा खराच आहे, फक्त सोयरीक जुळवायला निघालेल्यालाही तो तितकाच मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तर शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र पाठवतो. १८५२ च्या मोजणीदाराचे काम आता खातेदाराच्या हातून होते.

सावकारही बदलला. झटपट कर्ज देणारी अॅप मोबाइलमधली संपर्कयादी आणि छायाचित्रे मागून घेत आणि हप्ता चुकला की यादीतल्या नातेवाइकांना फोन करीत. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रिझर्व्ह बँकेने कर्जदाराची संपर्कयादी, फाइली आणि फोनच्या नोंदी वाचण्यास अशा अॅपना मनाई केली. पतनोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल फुकट मागण्याची सोय २०१७ पासून आहे. १८७९ च्या पासबुकाचा हा आजचा वारसा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी मुदत दिली गेली. माहिती कशासाठी घेतली हे सांगणे आणि संमती घेणे त्यात बंधनकारक आहे, मात्र सरकारी यंत्रणांना ठरावीक कारणांसाठी मोठी सूट आहे.

यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला सुरू झाले आणि आठवडे बाजारातल्या भाजीच्या टोपलीपर्यंत पोहोचले. पैसे पाठवताना समोरच्याचे बँकेतले नाव पडद्यावर उमटते, व्यवहाराची तारीख-वेळ राहते. आणि दुकानाच्या फळीवर ठेवलेला छोटा ध्वनिवर्धक किती रुपये आले ते मोठ्याने सांगतो. ज्या बाजारात भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत, तिथे आता किलोभर वांग्यांचा हिशेब शेजारच्या चार दुकानांना ऐकू जातो.