केसी नावाचा खटला, केसी नावाचा माणूस

अमेरिकेत १९९२ ते २०२२ अशी तीस वर्षं गर्भपाताचा हक्क ज्या निकालाच्या आधारावर टिकून होता, त्या खटल्याचं नाव ‘प्लॅन्ड पेरेंटहूड विरुद्ध केसी’. त्यातले केसी म्हणजे पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर रॉबर्ट केसी. ते या हक्काचे कट्टर विरोधक होते आणि पक्षाने डेमोक्रॅट, म्हणजे तिथल्या डावीकडे झुकलेल्या पक्षाचे. (गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा निवडून आलेला प्रमुख.)

आज हे कोडं वाटतं. माणसाचं एक मत कळलं की त्याची बाकीची मतं आपण गृहीत धरतो. पण मतांचे हे गठ्ठे कायम असेच बांधलेले नव्हते. १९६७मध्ये कॅलिफोर्नियात गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली ती रोनाल्ड रेगन यांनी, जे पुढे उजव्यांचे दैवत झाले. उलट, डेमोक्रॅट पक्षाचे जेसी जॅक्सन १९७७मध्ये गर्भपाताविरुद्ध लिहीत होते. पुढच्या काही वर्षांत दोन्ही पक्षांनी आपापली बाजू ठरवली आणि बहुतेक नेते पक्षासोबत सरकले. केसी सरकले नाहीत.

ते स्क्रँटन या कोळसा खाणींच्या गावातल्या आयरिश कॅथलिक घरातले. वडील पोरवयात खाणीत राबले आणि पुढे शिकून वकील झाले. अशा घरांत चर्च, कामगार संघटना आणि डेमोक्रॅटिक पक्ष या तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. दुबळ्याच्या मागे उभं राहायचं, ही शिकवण तिन्हीकडून मिळायची. केसींच्या मते न जन्मलेलं मूल हे त्या दुबळ्यांतलं सगळ्यात दुबळं. त्यामुळे आपलं हे मत पक्षाच्या विरोधात जातं, असं त्यांना वाटत नव्हतं. पक्षच आपल्या मूळ विचारापासून दूर गेला, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे नुसतं बोलणं नव्हतं. विमा नसलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी त्यांनी १९९२मध्ये राज्यात आरोग्य विमा योजना आणली. १९९७मध्ये देशभर सुरू झालेल्या तशाच योजनेला तिचा नमुना उपयोगी पडला. गर्भपाताला विरोध करून जन्मलेल्या मुलाकडे पाठ फिरवणाऱ्यांतले ते नव्हते.

जुलै १९९२मध्ये न्यूयॉर्कला पक्षाचं अधिवेशन भरलं. केसींना तिथे याच विषयावर बोलायचं होतं. संधी मिळाली नाही. त्यांनी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केलेला नाही, असं कारण सांगितलं गेलं. पण पाठिंबा न देणारे जेरी ब्राऊन त्याच मंचावरून बोलले. गर्भपाताला विरोध असलेले काही इतर डेमोक्रॅटही बोलले, पण त्या विषयावर नाही. मंचावर पेनसिल्व्हेनियाची एक रिपब्लिकन स्त्री मात्र आली. तिचं मत गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचं होतं.

माझं मत केसींच्या विरुद्ध आहे. तरी त्यांना ढोंगी किंवा चुकून डाव्या पक्षात शिरलेला उजवा म्हणणं मला पटत नाही. त्यांचं डावेपण आणि त्यांची सनातनी मतं एकाच मुळातून आली होती. म्हणून मला त्यांना वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो: तुमच्या श्रद्धेची किंमत कोण मोजणार?

त्यांनी सही केलेल्या कायद्यात एक कलम होतं. विवाहित स्त्रीने गर्भपाताआधी नवऱ्याला कळवलं पाहिजे. काही अपवाद होते, पण मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या घरात या कलमाचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. २९ जून १९९२ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी गर्भपाताचा मूळ हक्क कायम ठेवला आणि हे कलमही रद्द केलं. चोवीस तास थांबण्याची अट मात्र राहिली. दुबळ्यांचा कैवार घेणाऱ्या केसींना त्या घरातली सगळ्यात दुबळी व्यक्ती दिसली नाही.

त्याआधी खालच्या न्यायालयात हे कलम योग्य ठरवणारे एक न्यायाधीश होते, सॅम्युअल अलिटो. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केसी निकाल मोडीत काढला, तो निकाल लिहिणारेही अलिटोच.

केसी २०००मध्ये गेले. त्यांचा त्याच नावाचा मुलगा २००६मध्ये डेमोक्रॅट म्हणूनच सिनेटवर निवडून आला. तोही आधी स्वतःला गर्भपातविरोधी म्हणवत असे. २०२२मध्ये मात्र त्याने गर्भपाताच्या हक्काला कायद्याचं संरक्षण देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. २०२४मध्ये तो थोडक्या मतांनी हरला. आता त्या पक्षात वडिलांसारखी मतं उघडपणे मांडणारे फार थोडे उरलेत. स्त्रियांच्या हक्कासाठी ते बरंच झालं, असं मला वाटतं. पण स्क्रँटनसारख्या गावांतल्या कामगार घरांना या पक्षाशी बांधून ठेवणारा एक धागाही त्यासोबत तुटला, हेही खरं.