पूर पूर्वानुमान, भारतातील
नदीची पाणीपातळी किंवा धरणात येणारा येवा आधी वर्तवून काठच्या वस्त्यांना आणि धरणचालकांना सावध करणारी राष्ट्रीय व्यवस्था. ती केंद्रीय जल आयोग चालवतो. सुरुवात नोव्हेंबर १९५८ मध्ये दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेवर झाली. जुलै २०२३ मध्ये त्याच पुलाशी पाणी २०८.६६ मीटरवर गेले आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. आज देशात तीनशेहून अधिक पूर्वानुमान केंद्रे आहेत.

मूळ पद्धत अगदी साधी. वरच्या केंद्रावर पाणी अमुक पातळीला पोचले की इतक्या तासांनी खालच्या केंद्रावर ते किती चढेल, हा संबंध जुन्या पुरांच्या नोंदींवरून काढलेला असतो. वर्तवलेली आणि प्रत्यक्ष पातळी यांतला फरक १५ सेंटिमीटरच्या आत राहिला, तर अंदाज अचूक धरतात. गंगेसारख्या लांब नदीवर ही रीत चांगली चालते, कारण वरचे पाणी खाली यायला वेळ लागतो. कोकणात तो वेळच मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. अशा आखूड नद्यांसाठी पाऊस जमिनीवर पडण्याआधीच त्याचा अंदाज गणिती प्रारूपात घालावा लागतो. म्हणून भारतीय हवामानशास्त्र विभागाची पूर हवामान कार्यालये या व्यवस्थेत अनिवार्य आहेत.

कृष्णा खोऱ्यातली अडचण निराळी. तेथे पावसाइतकाच धरणांचा विसर्ग पूर ठरवतो: कोयनेतून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत येते, पुढे सांगलीत वारणा मिळते आणि खालच्या पाण्याची फूग मागे चढते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने हे भोगले. त्यामुळे येथे धरणाच्या दरवाजांचे वेळापत्रक ठाऊक असल्याखेरीज नदीचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

ऑगस्ट २०२३ पासून आयोगाचे अंदाज ‘फ्लडवॉच’ या मोबाइल ॲपवर सर्वांना पाहता येतात. मात्र आयोगाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते आणि सांगलीकर कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी मोजलेल्या फुटांत बोलतो: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. अमुक फुटांना दत्तनगर, अमुक फुटांना सूर्यवंशी प्लॉट पाण्याखाली जातो, हे त्याला पाठ असते. अंदाज या भाषेत मिळाला, तरच तो गोठ्यातली जनावरे वेळेवर सोडतो.