टप दोन इंच खाली : जुन्या पिकअपचा इतिहास आणि ‘मूळ’पणाचा प्रश्न

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं गॅरेजात कशाला शिरली? प्रश्न रास्त आहे. विषय आहे जुन्या पिकअपच्या केबिनचा टप हलकेच खाली घेण्याचा. हलकेच म्हणजे दीड-दोन इंच. बघणाऱ्याला गाडी देखणी वाटावी, पण का वाटते ते कळू नये. हिवरखेडच्या पट्ट्यात, अकोट-तेल्हाऱ्याकडे, गोठ्याच्या आडोशाला उभी असलेली अशी एखादी गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचं पुढे काय करायचं, हा आजचा खरा प्रश्न.

आधी थोडा इतिहास. टपाची उंची कोण ठरवतं? बंडीला टप नसतोच. दमणीला छत असलं, तर ते बसणाऱ्याचं डोकं आणि डोक्यावरचं ऊन बघून घरचा सुतार ठरवायचा. मोटार आली आणि हे माप परक्या हातात गेलं. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, फार्गो अशा नावांच्या गाड्या तयार होऊ लागल्या. आता गंमत पाहा. क्रायस्लरचे त्या काळचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह असे, की डोक्यावरची हॅट न काढता माणसाला मोटारीत बसता आलं पाहिजे. म्हणून त्या कंपनीच्या मोटारी उंच टपाच्या. डेट्रॉइटच्या हॅटसाठी घेतलेलं माप आपल्याकडच्या फेट्याला आणि टोपीलाही सोयीचं पडलं!

त्याच अमेरिकेत उलटी हौसही वाढत होती. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानावर जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. वारा कमी अडावा म्हणून ती गाडीचे खांब कापून टप खाली बसवत. महायुद्धानंतर वेगाचं कारण मागे पडलं, रूप उरलं. बॅरिस बंधूंसारख्या कारागिरांनी या कापाकापीची कलाच केली. मोटारीवरून ती पिकअपवर आली.

काम मात्र सोपं नाही. पुढचे खांब तिरके असतात. त्यांतून दोन इंच काढले की वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर बसत नाही, मागे सरकतो. मग एक तर खांब आणखी कलते करा, नाहीतर टपच मधून कापून लांब-रुंद करा. दाराच्या चौकटी तेवढ्याच कापायच्या. पुढची काच सपाट, दोन भागांची असेल तर नवी कापून मिळते; वळणाची असेल तर डोकेदुखी. पावसाचं पाणी वाहून नेणारी टपाची पन्हळ अखंड राहिली पाहिजे. मग वेल्डिंग, ठोकठाक, लांबी, घासकाम, रंग. शेवटी दार ‘खट्’ करून लागलं, तर कारागीर पास. आणि त्याची खरी शाबासकी कोणती? ‘इथं काही केलंय असं वाटतच नाही!’

नेमकं इथेच आम्ही अडखळतो. कारागिराच्या दृष्टीने जे यश, ते इतिहासाच्या दृष्टीने संकट असू शकतं. टप आठ इंच कापला असता तर शेंबडं पोरही म्हणालं असतं, ही गाडी कापलेली आहे. तो बदल स्वतःच बोलतो. दोन इंचांचा बदल बोलत नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती गाडी मोजेल आणि कारखान्याने असाच टप दिला होता असं समजेल. खोटं कुणीच बोललेलं नसेल, पण पुरावा पुसला गेलेला असेल.

तरी गाडी तीच ना? हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतात, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. या साऱ्यांच्या आधारे आपण ‘रथ’ हे नाव वापरतो, एवढंच. न्याय-वैशेषिकांचं म्हणणं वेगळं. अवयवांहून वेगळा असा अवयवी असतो, आणि कापडातला एक धागा काढला तरी जुनं कापड जाऊन नवं खंडपट उत्पन्न होतं! कापसाच्या मुलखात हे उदाहरण पटकन कळावं. नागसेनांच्या बाजूने पाहिलं तर टप कापल्यावरही व्यवहारात गाडी तीच. नैयायिकांच्या बाजूने पाहिलं तर ग्राइंडर फिरला त्या क्षणी दुसरी गाडी जन्माला आली.

आपला कायदा या वादात नैयायिकांच्या जवळ बसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. पुढे २०२१ साली विंटेज गाड्यांचे नियम आले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला २० हजार रुपये. आणि अशी गाडी धंद्याला लावता येत नाही.

हे वाचून आम्हाला जरा चुटपुट लागली. मोटार शोभेची असू शकते, पण पिकअप ही कामाची गाडी. तिचा इतिहासच सरकीच्या पोत्यांचा, संत्र्यांचा, बाजाराच्या दिवशी मागे उभ्या राहिलेल्या माणसांचा. कामातून काढली की तिचं अर्धं ‘मूळ’ गेलंच. दुसरं असं, की आपल्याकडे मालगाड्यांचं ‘मूळ’ पुष्कळदा कारखान्यात घडलेलंच नाही. कारखान्यातून यायची नुसती चेसिस आणि पुढचा दर्शनी भाग. केबिन बांधायचा इथला सुतार आणि इथला पत्रेवाला, लाकडाची चौकट करून वर पत्रा ठोकून. त्या केबिनचा उत्पादक कोण? नाव कुठेच नाही. डेट्रॉइटच्या साहेबाच्या हॅटची नोंद आहे, आपल्या मिस्त्रीच्या हाताची नाही.

म्हणून आमचं मत असं. कारखान्याचा अस्सल पत्रा अजून शाबूत असेल, तर त्याला ग्राइंडर लावू नका. अशा केबिन आता नव्याने होणार नाहीत. इथल्याच मिस्त्रीने बांधलेली केबिन कुजली असेल आणि नवी बांधायचीच असेल, तर आरटीओला विचारून बांधा. खांब हे केबिन उलटली तर डोकं वाचवणारे असतात, हे विसरू नका. आणि काहीही करा, पण नोंद ठेवा. आधीची मापं, फोटो, कापलेला तुकडा, काम करणाऱ्याचं नाव आणि तारीख एका वहीत लिहून ती वही गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्या.

डोळ्याला फसवणं ही कारागिरी आहे, तिला आमचा नमस्कार. नोंदीला मात्र फसवू नये. टप दोन इंच खाली गेला की नाही हे बघणाऱ्याला कळलं नाही तरी चालेल. विचारणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. आता तुमचे प्रश्न घेऊ.