मनिला फिल्म सेंटरमधले आवाज

जुन्या चित्रपटगृहांच्या भूतकथा मी बरीच वर्षे जमवतो आहे. बहुतेक कथांत भूत एकटेच असते. कुठे यंत्रघरातला ऑपरेटर, कुठे बाल्कनीतली बाई. तारखा तपासू लागले की यातल्या बऱ्याच कथा विरून जातात. फिलिपिन्सच्या राजधानीतील मनिला फिल्म सेंटरची कथा तशी विरत नाही.

मनिला उपसागरात भराव घालून केलेल्या जमिनीवर, पार्थेनॉनच्या धर्तीवर ही इमारत बांधली गेली. वास्तुविशारद होते फ्रॉइलन हाँग. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांना जानेवारी १९८२मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवायचा होता. म्हणून सुमारे ४,००० मजूर तीन पाळ्यांत राबत होते. दर्शनी दालनाचे सहा आठवड्यांचे काम ७२ तासांत उरकले म्हणतात. १७ नोव्हेंबर १९८१च्या पहाटे परांची कोसळली आणि माणसे ओल्या, झटपट आळणाऱ्या सिमेंटमध्ये पडली.

मार्कोस सरकारने लगेच जागेची नाकेबंदी केली. सरकारी निवेदन तयार होईपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ तास, बचाव पथकांना आत सोडले नाही असे सांगितले जाते. महोत्सव मात्र १८ जानेवारीला सुरू झाला.

मृतांचा आकडा १६९ असल्याचे सर्वत्र छापले जाते. त्याहून फार कमी सांगणारेही आहेत. काही देह न काढताच वर सिमेंट ओतले, असाही प्रवाद आहे. १६९ हा आकडा मी सिद्ध मानत नाही. पण तो फुगला असेल, तर दोष लोकांच्या तोंडाला देता येणार नाही. मोजण्याच्या वेळी फाटक बंद होते.

आपल्याकडे किल्ल्याच्या बुरुजात माणूस चिणल्याच्या कथा आहेत. त्यातला बळी ठरवून दिलेला असतो आणि बहुधा त्याचे नावही गावाला ठाऊक असते. मनिलातल्या कथेत एक भूत नाही, जमाव आहे, आणि त्याला नावे नाहीत. हे जीव कुणाचा सूड घेताना फारसे दिसत नाहीत. ऐकू येतात त्या हाका, कण्हणे. ज्यांच्याकडे नऊ तास कुणी गेले नाही, त्यांच्याबद्दल लोकांनी नेमके हेच ऐकावे, याला मी योगायोग म्हणणार नाही.

इमेल्डाबाईंनी वास्तूची शुद्धी करवून घेतली, अशीही वदंता आहे. १९९०च्या भूकंपात इमारतीचे नुकसान झाले. पुढे काही वर्षे तिथे नाचगाण्याचे प्रयोग होत असत.