ठेवायचे काय, गाळायचे काय

आयबीएमने १९२८ साली आणलेल्या पंच-कार्डावर ८० रकाने होते. एका रकान्यात एक अंक किंवा एक अक्षर. त्यामुळे सालाचे पहिले दोन आकडेसुद्धा सर्रास गाळले जात. कार्डांची ही चलती असतानाच, १९६६पासून, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात अँथनी बार यांनी ‘सॅस’ ही प्रणाली रचायला घेतली. शेतीच्या प्रयोगांची आकडेवारी तपासणे हे तिचे सुरुवातीचे काम. १९७६ मध्ये बार, जिम गुडनाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची कंपनी काढली. कार्डे इतिहासजमा झाली, पण ‘कार्ड्स’ ही आज्ञा सॅसमध्ये आजही चालते. नको ते रकाने गाळणारी ‘ड्रॉप’ आणि सांगितलेलेच रकाने ठेवणारी ‘कीप’ या आज्ञाही अशाच टिकल्या. जागा वाचवणे हा त्यांचा मोठा उपयोग होता. आज जागा स्वस्त झाली, तरी त्यांची गरज माझ्या मते वाढलीच आहे.

सॅस एका वेळी एक नोंद स्मृतीत घेते, तिच्यावर गणित करते आणि ती नव्या फाइलीत लिहिते. वेगळे सांगितले नाही, तर गणितापुरते घेतलेले रकानेही त्या फाइलीत उतरतात. एक ते दहा मोजण्यासाठी ‘आय’ घेतला, की निकालात ‘आय’चा रकाना येतो आणि त्यात ११ हा आकडा असतो, कारण दहाच्या पुढे गेल्यावरच मोजणी थांबते. ‘ड्रॉप आय’ लिहिले, की तो गणिताला हजर राहतो पण फाइलीत उतरत नाही. गाळलेले पुन्हा लागले तर काय, असा आक्षेप घेतला जातो. नव्या फाइलीला जुनीचेच नाव दिले नाही, तर मूळ फाइल शाबूत राहते. त्यामुळे ही भीती फारशी खरी नाही.

खरा धोका राहून गेलेल्या रकान्यांचा आहे. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या कर्मचाऱ्यांची वैद्यकीय माहिती नावे गाळून संशोधकांना देण्यात आली. जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड मात्र तसेच राहिले. संशोधक लताण्या स्वीनी यांनी तिथल्या केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरना विकत घेतली, ती या माहितीशी जुळवली आणि राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. त्यांची जन्मतारीख असलेले सहा जण यादीत होते, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिन कोडचे ते एकटेच. ‘ड्रॉप’ची यादी आपल्याला सुचलेल्या धोक्यांपुरतीच असते, उद्या मूळ फाइलीत नवा रकाना आला तर तो मुकाट्याने बाहेर जातो. ‘कीप’मध्ये तो आपोआप अडतो.

‘कीप’मध्येही कुणी जन्मतारीख लिहीलच, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण मग ती कुणीतरी हाताने लिहिलेली असेल, आणि का लिहिली हे त्याला विचारता येईल. संशोधनाला वय हवे असेल, तर पूर्ण झालेली वर्षे बहुतेकदा पुरतात. अमेरिकेच्या आरोग्य-माहितीच्या नियमांत ओळख पुसण्याची एक रीत म्हणजे गाळायच्या १८ बाबींची यादी. तिची शेवटची बाब आहे: ओळख पटवणारी इतर कोणतीही खूण. गाळायची यादी कधीच पुरी होत नाही, हे त्या नियमानेच मान्य केले आहे.