सुगीत ज्वारी, आजारात उपचार: सेवाग्रामची गोष्ट

बाबा पुढच्या वर्षी 58 पूर्ण करून रिटायर होतायत. त्याच दिवशी ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स बंद. उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान कार्ड सत्तरीनंतरचं, म्हणजे अजून 12 वर्षं. राज्याची महात्मा फुले योजना आहे, पण ठरलेल्या उपचारांना आणि यादीतल्याच हॉस्पिटलांत. बाबांचं म्हणणं, "आजारी पडलो की बघू."

बाबा, आपल्याच वर्धा जिल्ह्यात याचं उत्तर 1980च्या दशकात सापडलं होतं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. उल्हास जाजू आणि सहकारी आसपासच्या गावांतून विम्याचा हप्ता गोळा करायचे, आणि तोही ज्वारीत! सुगीत घरात धान्य असतं, रोख नसते. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त, मजुराची थोडी. उपचार मात्र दोघांना सारखेच. अचानक आजार आला तर कस्तुरबा रुग्णालयात मोफत. आधी ठरवून करायच्या ऑपरेशनला काही वाटा स्वतःचा.

अट एकच होती, आणि मला ती भारी वाटते: गावातली निदान 75 टक्के घरं आली, तरच योजना सुरू. फक्त आजारीच लोक आले, तर कोठी दोन महिन्यांत रिकामी होणार ना! धडधाकट माणसाची ज्वारीच शेजाऱ्याचं बिल भरते.

खासगी पॉलिसीत हीच भीती वेगळ्या रूपात दिसते: जुन्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबा. म्हणून फॉर्म आत्ताच उघडलाय. बाबा 'बीपी आहे का' या रकान्यावर अडलेत.